मीटरमधले अकरा वाघ

"आता हे काय?" असं म्हणत गॅसच्या माणसानं ढिगातलं एक नाणं बोटानं बाजूला सरकवलं.

मी मिसेस पिकल्सच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. टेबलावर आमच्या खोलीच्या मीटरचा गल्ला ओतलेला होता. मीटरच्या फटीत शिलिंग टाकला की खोली ऊबदार ठेवणाऱ्या शेगडीला गॅस यायचा, शिलिंग संपला की गॅस बंद. दर तीन महिन्यांनी हा माणूस यायचा, मीटरखालची पेटी उघडायचा, शिलिंगांच्या वीस-वीसच्या चळती लावायचा आणि कंपनीचा वाटा घेऊन उरलेले घरमालकिणीला परत द्यायचा. खोटं नाणं निघालं तर ते तिच्या वाट्यातून जायचं. मोजताना भाडेकरूनं समोर असलं पाहिजे हा मिसेस पिकल्सचा नियम, म्हणून मी खाली आले होते.

त्यानं नाणं उलटं केलं. "वाघ," तो म्हणाला.

"वाघ?" मिसेस पिकल्सनं चष्मा चढवला.

"शिलिंगावर सिंह हवा. याला चक्क पट्टे आहेत. आणि हा दुसरा. हा तिसरा..." तो मधूनमधून रुमालाला बोटं पुसत होता. काही वाघांवर, आणि चांगल्या शिलिंगांवरही, लाल डाग होते. "हे रक्तबिक्त नाही ना, लव्ह?"

"कुंकू," मी म्हणाले. इंग्रजी शब्द त्या घटकेला सुचेना, आणि सुचला असता तरी त्याला काय कळणार होतं!

एकूण अकरा वाघ निघाले. मिसेस पिकल्सनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या घरात सहा खोल्या होत्या आणि वाघांच्या देशातून आलेलं बिऱ्हाड एकच होतं.

"सहा वाजता नवऱ्याला घेऊन खाली ये," ती म्हणाली.

ही गोष्ट फेब्रुवारी १९६३ची, लीड्समधली. माझे यजमान नीळकंठ सोलापूरच्या एका मिलमधून विणकामाचं तंत्र शिकायला तिथं आले होते आणि नोव्हेंबरात मी त्यांच्यामागून गेले. ही खोली मिळायच्या आधी त्यांनी एकोणीस दारं ठोठावली होती. एकोणीस ठिकाणी खोली 'आत्ताच गेली' होती. विसावं दार मिसेस पिकल्सचं. या आडनावाचा अर्थ लोणची, हे कळल्यावर मी पत्रात आईला 'लोणचेबाईंकडे राहतो' असं लिहिलं होतं. लोणचेबाईंची अट एकच होती, घरात मूल नको. आणि मला चौथा महिना लागला होता. नाताळपासून पडलेला बर्फ अजून वितळायला तयार नव्हता, नळ गोठले होते, दुधाच्या बाटल्या दारात फुटत होत्या. इथून निघालो तर थेट बर्फात, एवढं मला अगदी स्वच्छ कळत होतं.

बाकी त्या देशातलं काहीच कळत नव्हतं, आणि पैशांचं तर मुळीच नाही. मी आणे-पैत वाढलेली. मॅट्रिक झाले त्या वर्षी नवे पैसे आले. सोळाचा हिशोब विसरून शंभराचा डोक्यात बसतो न बसतो तोच इथं येऊन पडले, तर इथं बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड. पेनी लिहायची तर तिचं अक्षर 'डी'. भाजीवाल्यासमोर मी सरळ तळहात पुढं करायची आणि तो त्यातली हवी ती नाणी उचलून घ्यायचा. माझ्यासारख्या गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीला याची इतकी लाज वाटायची की घरी येऊन मी रडायची.

मला शिकवायचं मनावर घेतलं ते आमच्या समोरच्या खोलीतल्या मिस्टर ग्रीनवुडनं. ट्रामच्या डेपोतून निवृत्त झालेला एकटा म्हातारा. युद्धात आणि नंतरही, सत्तेचाळीसपर्यंत, तो देवळालीच्या छावणीत होता. "तिथून मलेरिया आणला आणि चार शब्द," असं तो सांगायचा. ते चार शब्द म्हणजे जल्दी, चाय, पानी आणि अच्छा. त्याला बघावं तेव्हा अंगात ओव्हरकोट आणि डोक्यावर टोपी, अगदी स्वतःच्या खोलीचं दार उघडतानासुद्धा. इथल्या म्हाताऱ्यांची रीतच असेल असं मी धरून चालले होते. मला तो 'लव्ह' म्हणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दार लावून घेतलं होतं. पुढं कळलं की तिथं खाटीकसुद्धा गिऱ्हाइकाला लव्हच म्हणतो.

जिन्याच्या पायरीवर नाणी मांडून तो शिकवायचा.

"हा हाफ क्राउन. दोन शिलिंग सहा पेनी."

"मग अख्खा क्राउन कुठला?"

"तो नसतो."

"नसतो म्हणजे?"

"राजा किंवा राणी गादीवर बसली की थोडे पाडतात. लोक ते फडताळात ठेवून देतात. बाजारात चालतो तो अर्धाच."

"म्हणजे जो नाही त्याचा अर्धा?"

"अच्छा! बरोबर समजलीस," तो खूश होऊन म्हणाला.

"आणि त्या दुकानातल्या कोटावर किंमत लिहिलीये, बारा गिनी. गिनी केवढ्याची?"

"एकवीस शिलिंग."

"दाखवा बघू."

"ती नाही दाखवता येत. दीडशे वर्षांपूर्वी बंद झाली."

सोलापूरला सराफाकडे गिनी निदान डोळ्यांनी दिसायची. "मग लोक देतात काय?" मी विचारलं.

"एक पौंड आणि एक शिलिंग."

"मग तसंच का लिहीत नाहीत?"

तो बराच वेळ विचार करत राहिला. "गिनी जरा घरंदाज दिसते," असं अखेर म्हणाला.

धडा संपताना तो दर वेळी एकच गोष्ट बजावायचा. "शिलिंग मात्र जपून ठेव. मीटर दुसरं काही खात नाही." आमच्या मजल्यावर जिन्याशी दोन मीटर होते, एक आमच्या खोलीचा आणि एक त्याच्या. त्या थंडीत सगळं गाव मीटरला शिलिंग चारत होतं, त्यामुळं दुकानात मागूनही मिळेनात.

आता त्या वाघांचं सांगते. मी निघाले तेव्हा अंबूआत्यानं माझी ओटी भरली आणि त्यात आठ आण्यांची एकवीस नाणी घातली. एका बाजूला वाघ, दुसऱ्या बाजूला राजा सहावा जॉर्ज. "एकवीस," तिनं एकेक मोजत घातली होती, "गणपतीच्या दूर्वांइतकी. परक्या देशात वाघ सोबत असू दे." शिलिंग साधारण तेवढाच, तसाच पांढरा आणि त्यावरही तोच राजा. फरक एवढाच की आपल्या नाण्यावर त्यानं मुकुट घातलेला आणि स्वतःच्या देशातल्या नाण्यावर तो बोडका.

हे दोन्ही मी एकत्र केले, हा माझा गाढवपणा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी शेगडीवरच्या फळीवर मी लक्ष्मी मांडली. लक्ष्मीपुढं ताटलीत वाघ ठेवले आणि मीटरसाठी जमवलेले शिलिंगही ठेवले. तिथली लक्ष्मी म्हणजे शिलिंगच, हे तर मला पटलंच होतं. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. नंतर वाघ निवडून कस्टर्ड पावडरच्या डब्यात भरले आणि शिलिंग बशीत ठेवले. तेव्हा निवडताना चूक झाली असणार. हातमोजे घालून, काकडत, अंधाऱ्या जिन्यावर मीटरच्या फटीत नाणं सारताना राजाच्या डोक्यावर मुकुट आहे की नाही हे कोण बघतं?

त्या दुपारी खोलीत येऊन मी डबा पलंगावर पालथा केला. सतरा निघाले.

एकवीसातून सतरा गेले, राहिले चार. आणि खाली टेबलावर होते अकरा.

मी पुन्हा मोजले. पलंगाखाली पाहिलं, डब्याच्या झाकणात पाहिलं. सतराच. इथं बारा, तिथं वीस, घरी सोळा, कॉलेजात शंभर. वजाबाकीसुद्धा या देशात वेगळी होत असेल, अशी शंका मला खरोखर आली.

हे साडेपाचला आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी ओला कोटही काढला नाही.

"खरं सांग," ते हळूच म्हणाले, "शिलिंग मिळत नव्हते म्हणून मुद्दाम टाकलेस?"

"तुम्हाला मी चोर वाटते?"

"तसं नाही. पण अकरा म्हणजे चुकून होत नाहीत."

"मग तुम्हीच टाकले असतील! सकाळी घाईत कॉलेजला जाताना."

"मी डब्याला हात लावत नाही, तुला माहितीये." ते पलंगावर बसले आणि त्यांनीही वाघ मोजले. "सतरा. बरं, गेल्या आठवड्यात तुला ताप होता. मंगळवार ते शुक्रवार. मी दिवसभर बाहेर. पण संध्याकाळी आलो की शेगडी चालू असायची."

"सकाळी तुम्हीच शिलिंग टाकून जात होता ना?"

"मी? बशीत शिलिंग होतेच कुठं? मला वाटलं तू कुठून तरी मिळवलेस."

त्या चार दिवसांतलं मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. उलट्या आठवत होत्या. शेगडी भप् करून विझली आणि मी उशीत तोंड खुपसून आईला हाका मारल्या, तेवढं आठवत होतं. नंतर ऊब होती. कशी, ते माहीत नव्हतं.

"तापाच्या भरात उठून तूच टाकले असशील," हे म्हणाले.

"पण मग बेरीज? सतरा आणि अकरा अठ्ठावीस होतात. आत्यानं एकवीस दिले होते."

"आत्यानं अठ्ठावीस दिले असतील. आणि तुझी बेरीज इथं आल्यापासून एकदा तरी जुळलीये का?"

ते हे गमतीनं बोलले नव्हते, दमून बोलले होते. पण मला ते लागलं. लागलं याचं कारण मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

सहाला खाली गेलो. टेबलावर अकरा वाघ रांगेनं मांडलेले होते. मी मान खाली घालून म्हणाले, "आमचेच आहेत. माझी चूक झाली. मला ताप होता."

"सगळे अकरा?"

"सगळे."

मिसेस पिकल्सचा चेहरा हलला नाही. "तुम्हाला खोली दिली तेव्हा शेजारणी मला काय काय बोलल्या, ते मी सांगत बसत नाही. अकरा शिलिंग ठेवा. पुढच्या शुक्रवारी खोली रिकामी करा. आणि हे तुमचे वाघ घेऊन जा."

यांनी दहा शिलिंगांची नोट ठेवली आणि वर एक शिलिंग. तो आदल्याच दिवशी मोठ्या मिनतवारीनं मिळवलेला, मीटरसाठीचा एकमेव शिलिंग होता. त्या दिवशी शेगडी पेटली नाही. मी कोट घालून पांघरुणात पडले आणि पोटावर हात ठेवून मनातल्या मनात त्या न जन्मलेल्या जिवाची माफी मागत राहिले. एका मूर्ख बाईच्या पोटी आलास बाबा, असंच वाटत होतं.

शनिवारी सकाळी हे खोली शोधायला बाहेर पडले. पुन्हा तीच दारं. मी बेसिनपाशी वाघ घेऊन बसले. लोकांच्या हातचे, मीटरमधले, ते धुतल्याशिवाय देवाच्या डब्यात कसे टाकायचे? बर्फासारख्या पाण्यात जुन्या ब्रशनं घासायला लागले. पहिला घासला, पाणी लाल झालं. दुसरा, तिसरा, चौथा, लाल. कुंकू वाघाच्या पट्ट्यांत एकदा बसलं की घासूनही पुरतं जात नाही.

पाचव्याचं पाणी स्वच्छ निघालं. सहाव्याचंही. मी ब्रश ठेवला आणि उरलेले सगळे खिडकीशी नेऊन पाहिले. सात वाघांच्या अंगावर कुंकवाचा कणसुद्धा नव्हता. डब्यातले सतराच्या सतरा लाल होते. सतरा आणि हे चार, एकवीस. माझी बेरीज जुळली होती!

आणि त्या साती वाघांवर साल एकच होतं, १९४७. आत्याच्या वाघांवर होतं १९४६.

मी ते ओल्या मुठीत घेतले आणि समोरचं दार ठोठावलं. संतापानं माझे कान तापले होते. या माणसाच्या शेजारी मी पायरीवर बसत होते, सणाला त्याला शिरा नेऊन दिला होता, आणि यानं आम्हाला रस्त्यावर आणलं.

मिस्टर ग्रीनवुडनं दार उघडलं. ओव्हरकोट, टोपी. मी मूठ त्याच्यापुढं उघडली.

"हे तुमचे?"

त्यानं पाहिलं. "अरेच्चा. हो. इतक्या लवकर पेटी उघडली?"

"काल उघडली. तुमच्यामुळं शुक्रवारी आम्हाला घर सोडायचंय! आमच्या मीटरमध्ये का टाकलेत? तुमचा स्वतःचा मीटर आहे ना?"

"घर सोडायचंय?" तो म्हणाला. "मला कोणी सांगितलं नाही. दोन दिवस खोकला आहे, मी खाली उतरलोच नाही." मग म्हणाला, "तू आजारी होतीस. मंगळवारी तुझी शेगडी विझल्याचा आवाज आला. नंतर तू रडायला लागलीस, तुमच्या भाषेत. शिलिंग नव्हते माझ्याकडे. सगळ्या गल्लीत फिरलो, कोणी सोडायला तयार नाही. मग हे आठवले. तिकडून आणले होते, मित्रांना दाखवायला. कोणी बघायला मागितलं नाही कधी. दोन-दोन टाकले रोज, शुक्रवारी एकच राहिला होता. मनात होतं की पेटी उघडायच्या आधी पिकल्सबाईंना सांगून भरून टाकू."

तो बोलत होता आणि मी त्याच्या खांद्यावरून आत बघत होते. शेगडी थंड होती. तिच्यापुढं वर्तमानपत्राच्या घड्या नीट रचून ठेवलेल्या, म्हणजे ती किती दिवस पेटली नसेल कोण जाणे. खिडकीच्या काचेला आतून बर्फ होता. त्या खोलीत त्याच्या तोंडातून वाफ येत होती. ओव्हरकोट ही काही कोणाची रीत नव्हती.

"मग स्वतःच्या मीटरमध्ये का नाही टाकले?" मी विचारलं.

"छे! माझ्या मीटरमध्ये कसे टाकणार? ती लबाडी झाली असती."

"आणि माझ्यात टाकले ती लबाडी नाही?"

कोटाच्या किमतीबद्दल विचारलं होतं तेव्हासारखाच तो विचारात पडला. "ते वेगळं," असं म्हणाला.

मग टोपी नीट केली, मला बाजूला व्हायला सांगितलं आणि कठडा धरून, खोकत, एकेक पायरी खाली गेला. मी जिन्यावरच उभी राहिले. खालून त्याचा हळू आवाज येत होता आणि मिसेस पिकल्सचा चढा. मग दोन्ही बंद झाले. बऱ्याच वेळानं धापा टाकत मिसेस पिकल्स वर आली. एरवी ती वर कधीच यायची नाही. तिनं माझ्या हातात सात शिलिंग मोजून ठेवले.

"चार तुझे, ते मी ठेवलेत. चूक ती चूक," ती म्हणाली. "सात त्याचे. मूर्ख म्हातारा. त्याच्या खोलीत जाऊन बघितलंस? मासे ठेवावेत अशी थंडी आहे." ती वळली, दोन पायऱ्या उतरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लंगोट पुढच्या अंगणात वाळत घालायचे नाहीत. मागं दोरी आहे."

"तुम्हाला कसं..."

"चार झालीत मला. मी काय आंधळी आहे?"

मी तिथंच पायरीवर बसून रडले. लाज, आनंद आणि थकवा यांतलं नेमकं कुठलं रडू होतं, ते मला आजही सांगता येत नाही. मग डोळे पुसून त्या सातांतला एक शिलिंग आमच्या मीटरमध्ये टाकला आणि एक समोरच्या. फटीत सारण्याआधी राजाचं डोकं दोनदा तपासलं.

दुपारी हे परत आले. भुवयांवर बर्फ, पाय बधिर. "नाही मिळाली," असं दारातूनच म्हणाले. आत मिस्टर ग्रीनवुड आमच्या शेगडीपुढं बसून पेल्यानं चाय पीत होता. यांना काय झालं ते सांगायला मला पुढचा अर्धा तास लागला, आणि त्यातली बेरीज दोनदा करून दाखवावी लागली.

सात वाघ त्यानं परत घेतले नाहीत. "दाखवायचे होते, दाखवून झाले," म्हणाला. जुलैत मुलगा झाला. बाबागाडी जिन्यावरून खाली न्यायचं काम मिस्टर ग्रीनवुडनं स्वतःकडं घेतलं, आणि बाळाला बोलता येण्याआधीच जल्दी आणि अच्छा शिकवलं. आम्ही चौसष्टच्या शेवटी सोलापूरला परतलो. पुढं एकाहत्तर साली इंग्रजांनीही शंभराचा हिशोब धरला. तेव्हा मला मिस्टर ग्रीनवुडचं पत्र आलं. नव्या पैशांचं काही म्हणजे काही कळत नाही, असं त्यानं लिहिलं होतं, भाजीवाल्यापुढं सरळ तळहात पुढं करतो. ते त्याचं शेवटचं पत्र.

मार्गशीर्षात मी अजून लक्ष्मी मांडते. कस्टर्डच्या डब्यातले वाघ ताटलीत ओतते आणि हळदकुंकू वाहते. गेल्या वर्षी नातीनं विचारलं, "आजी, यातले आत्याआजीचे कुठले आणि त्या साहेबाचे कुठले?" सालावरून काढता आले असते. पण माझ्या डोळ्यांना आता ते आकडे दिसत नाहीत, आणि कुंकू तर सगळ्यांच्याच पट्ट्यांत बसलंय. मी तिला नुसते मोजून दाखवले. अठ्ठावीस भरले.